गावात चौथी वाहिनी आली, दर निम्मा करू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी खासगी एफएम वाहिनीचे स्टेशन हेड असलेले एक वाचक लिहितात. वाहिनी स्थानिक मालकाची, आणि ते तिथे अकरा वर्षं आहेत. गावात आकाशवाणी होतीच, शिवाय तीन खासगी वाहिन्या. आता मोठ्या नेटवर्कची चौथी आली. यांचा दर दहा सेकंदांना ९० रुपये. नव्यांनी ४५ लावला, वर एका स्पॉटवर, म्हणजे वाजलेल्या जाहिरातीवर, एक फुकट. वर्षभरात नऊ जुने जाहिरातदार गेले. सकाळच्या शोची आरजे राजीनामा देऊन महिनाअखेर तिकडेच चालली आहे. मालक म्हणतात, दर त्यांच्याइतका करा, मराठी गाणी काढा, संध्याकाळचा गावाचा कार्यक्रम बंद करून मुंबईहून तयार कार्यक्रम घ्या. दिवाळीनंतर हिशेब बघू आणि स्टेशन चालवायचं का ते ठरवू. दुसऱ्या एका वाहिनीच्या मॅनेजरने सुचवलं आहे, की चौघांनी चहाला बसून किमान दर ठरवून टाकावा. नव्या वाहिनीचा प्रमुख यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने नोकरी देऊ केली आहे, पण तो निरोप तिसऱ्याच माणसाकरवी आला. दोघं सहा महिने एकमेकांशी बोललेले नाहीत. "दर पाडू, बैठकीला जाऊ, की सरळ तिकडे जाऊ?" असं ते विचारतात.

नमस्कार,

तुमचं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी पुन्हा वाचलं. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट खटकली. साडेतीन पानांत 'ते' जागोजागी आहेत: त्यांनी दर पाडला, त्यांनी माणूस नेला, त्यांची होर्डिंगं बसस्टँडपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत लागली. ऐकणारा माणूस मात्र एकदाच येतो, तोही ताजा कलमात. "परवा एका रिक्षावाल्याने विचारलं, साहेब, तुम्ही पाण्याचं सांगणं का बंद केलं?" त्या वाक्यापुढे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

मी स्वतः चौदा वर्षं एका छोट्या शहराच्या एफएमसाठी बाजारपेठेत जाहिराती विकल्या आहेत, तेव्हा तुमची झोप कशाने उडाली आहे हे मला कळतं. आधी दराचंच बघू.

सकाळच्या तासाला तुमच्याकडे आज साधारण नऊ मिनिटं जाहिराती वाजतात, असं तुम्ही लिहिलंय. ९० चे ४५ केलेत तर तेवढ्याच पैशांसाठी अठरा मिनिटं वाजवावी लागतील. त्यावर एकावर एक फुकट दिलंत, तर छत्तीस. साठ मिनिटांच्या तासात छत्तीस मिनिटं जाहिराती! उरलेल्या चोवीस मिनिटांत गाणी, बोलणं आणि वेळ सांगणं. असा तास तुम्ही स्वतः तरी ऐकाल का? आणि एवढ्या जाहिराती गावात आहेत कुठे? म्हणजे दर निम्मा केलात तर उत्पन्नही निम्म्याच्या आसपास येईल, हे धरूनच चाला. खर्च मात्र हलणार नाही. सरकारचं वार्षिक शुल्क ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के असलं, तरी खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्यातल्या, २०२४ आधीच्या परवान्यांना त्याला खालून आधार लावलेला आहे: सुरुवातीच्या एकरकमी प्रवेश शुल्काच्या अडीच टक्क्यांपेक्षा कमी भरता येत नाही. मनोऱ्याचं भाडं, वीज, पगार, यातलं काहीही तुम्ही दर पाडलात म्हणून निम्मं होत नाही.

मग त्यांना कसं परवडतं? हा प्रश्न मालकांनी तुम्हाला विचारला आणि तुमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर असं आहे, की नेटवर्कचं पोट तुमच्या गावावर चालत नाही. सिमेंट, मोबाइल, बँका असल्या मोठ्या जाहिराती मुंबई-दिल्लीत एजन्सीमार्फत एकदम पंचवीस-तीस शहरांसाठी विकल्या जातात. त्या यादीत तुमच्या गावाचं नाव असणं हाच त्यांचा फायदा. गावातल्या सराफाने दिलेले पैसे त्यांच्या हिशेबात वरची चिल्लर, म्हणून ते तो वेळ मिळेल त्या भावाने सोडू शकतात. तुमचं मात्र अख्खं पगारपत्रक त्याच सराफावर उभं आहे. दोन वेगळे धंदे आहेत हे, एकाच डायलवर शेजारी शेजारी बसलेले. त्यांच्या दराशी आपला दर जुळवणं म्हणजे किराणा दुकानदाराने पेट्रोल पंपाचा भाव बघून डाळ विकणं.

ईर्ष्येने या धंद्याचं किती नुकसान केलंय, ते एकदा मालकांना सांगा. १९९९-२००० मध्ये खासगी एफएमचा पहिला टप्पा आला तेव्हा ४० शहरांत १०८ वाहिन्या लिलावाला होत्या. शेजारचा बोली लावतो म्हणून आपणही लावायची, अशा ओढाताणीत बोल्या चढल्या आणि परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारं होतं. दुसरा टप्पा २००५ मध्ये आला तोपर्यंत त्यातल्या वीस-एकवीसच वाहिन्या तग धरून राहिल्या होत्या, आणि सरकारला ठरीव शुल्क सोडून उत्पन्नाच्या वाट्यावर यावं लागलं. तेव्हा बोली वर नेण्याची चढाओढ होती, आता दर खाली नेण्याची आहे. शेजाऱ्याकडे बघून स्वतःचा आकडा ठरवण्याची सवय तीच.

आता ते नऊ जाहिरातदार. "ते त्यांच्याकडे गेले" असं तुम्ही लिहिता. नक्की? नऊच्या नऊ? मला शंका आहे. छोट्या गावात दर पडले की काही जण दुसऱ्या वाहिनीकडे जातात, आणि बरेच जण रेडिओच सोडतात. ज्या गोष्टीचा भाव, एकावर एक फुकट धरून, वर्षात ९० वरून २२ वर येतो ती मुळात किती किमतीची असणार, असा विचार दुकानदार करतो आणि पैसे फ्लेक्सवर, नाहीतर गावच्या इन्स्टाग्राम पेजवाल्या पोरांना देतो. तुमचं खरं गिऱ्हाईक तिकडे सरकतंय. अहो, फोनमधला एफएमसुद्धा गायब होत चाललाय; २०२३ मध्ये केंद्राच्या आयटी मंत्रालयाला फोन बनवणाऱ्यांना सांगावं लागलं, की ही सोय बंद करू नका. अशा वेळी चारही वाहिन्या मिळून गावाला शिकवतायत, की रेडिओ म्हणजे फुकटात मिळणारी वस्तू. या आठवड्यात त्या नऊ जणांकडे स्वतः जा. पावतीपुस्तक नेऊ नका. "कुठे जाहिरात करताय सध्या, आणि का?" एवढंच विचारा आणि ऐका.

दुकानदाराला दर खुपत नाही, अंधार खुपतो. माझ्या एका जाहिरातदाराचं भांड्यांचं दुकान होतं, बाजारपेठेत, खाली स्टील आणि माळ्यावर पितळ. काका दर महिन्याला बिल देताना एकच विचारायचे: तुमचं ऐकून आलं कोण? माझ्याकडे काही उत्तर नसायचं, मग मी दोन स्पॉट वाढवून द्यायचे. एका दिवाळीला मी म्हटलं, काका, जाहिरातीत असं सांगू, की दुकानात येऊन आमच्या आरजेचं नाव घेतलं तर एक पळी भेट. तुम्ही फक्त वजनकाट्याशेजारी एक वही ठेवा. त्यांच्या नोकराने रेघा ओढायला सुरुवात केली, चार उभ्या आणि पाचवी आडवी. वीस दिवसांनी गेले तर वहीच्या कडा तेलकट बोटांनी काळ्या झालेल्या आणि पानावर सत्तेचाळीस रेघा. काकांनी त्या माझ्यासमोर पुन्हा मोजल्या. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "यातल्या अकरा जणींनी रुखवताची भांडी नेली." त्यानंतर मी तिथे होते तोवर त्यांनी दरावरून एकदाही घासाघीस केली नाही.

तुमच्याकडेही दिवाळी येतेय, पाठोपाठ तुळशीचं लग्न आणि लग्नसराई. दहा दुकानं निवडा, सगळीकडे अशी वही ठेवा. दर ९० च राहू द्या. सूट द्यायचीच तर ती रोखीवर द्या: आगाऊ पैसे भरणाऱ्याला दहा टक्के. तुमच्या पत्रात १२० दिवसांच्या उधारीचा उल्लेख ओझरता आलाय आणि मला तो दरापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. ९० च्या दराने बिल लावून निम्मे पैसे बुडत असतील, तर तुमचा दर आजच ४५ आहे. मालकांपुढे बिलांचा आकडा ठेवू नका, वसुलीचा ठेवा. प्रत्येक जाहिरातदारापुढे तीन खाने आखा: बिल किती, हातात आले किती, पुन्हा जाहिरात दिली का. हे एक पान तुमच्या बाजूने कितीतरी बोलेल. कदाचित त्या नऊ जणांतले तीन-चार गेले ते बरंच झालं, असंही त्यातून निघेल.

गाण्यांविषयी मालकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. गावात बहुसंख्य लोकांना नवी हिंदी गाणी आवडतात हे खरंच असेल. पण त्यातून "म्हणून आपणही तीच लावू" हे आपोआप निघत नाही. १९५२ मध्ये पीटर स्टायनर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने रेडिओबद्दल नेमका हा हिशेब मांडला होता. तुमच्या गावाला लावून बघा. समजा शंभर ऐकणाऱ्यांपैकी ७८ जणांना हिंदी गाणी हवीत आणि २२ जणांना मराठी गाणी, गावाच्या गप्पा. गावात तीनच वाहिन्या होत्या तेव्हा तिघांनी हिंदी लावून प्रत्येकी २६ मिळत होते. २२ कडे कोण जाईल? आता चार झाल्या. चौघांनी हिंदी लावलं तर प्रत्येकी साडेएकोणीस. २२ जण तसेच रेडिओ बंद करून बसलेले. म्हणजे ज्या दिवशी चौथी वाहिनी आली त्याच दिवशी गावातला छोटा गट एकेका वाहिनीच्या वाट्यापेक्षा मोठा झाला. मालक मराठी गाणी काढायला सांगताहेत ती नेमकी चुकीच्या वर्षी. ७८ आणि २२ हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या गावाचे काय आहेत ते मोजावं लागेल. आपल्याकडे छोट्या शहरांत कोण काय ऐकतं याची नियमित मोजणी होतच नाही. चारही वाहिन्या "आम्हीच नंबर एक" म्हणतात ती बिनबुडाची.

मोजणं अवघड नाही. गावातल्या कॉलेजच्या पत्रकारितेच्या किंवा संख्याशास्त्राच्या मुलांना हाताशी धरा. वेगवेगळ्या वॉर्डांतले, बायका-पुरुष, सगळ्या वयांचे मिळून चारशे लोक नीट निवडलेत तर उत्तर साधारण पाच टक्के इकडेतिकडे इतकं विश्वासाचं येतं. "तुम्ही नेहमी काय ऐकता?" असं विचारू नका, माणूस मोठ्या होर्डिंगचं नाव सांगतो. "काल सकाळी रेडिओ लावला होता का? कुठे? तेव्हा काय चाललं होतं?" असं विचारा.

आता त्या रिक्षावाल्याकडे येते.

तुमच्या गावात पाणी आठ दिवसांआड येतं. कोणत्या वॉर्डात, किती वाजता, हे कळण्यावर घरातल्या बाईचा अख्खा दिवस ठरतो. कामाला जायचं की थांबायचं, धुणं भिजवायचं की नाही. सकाळी सव्वासातला तुम्ही ते सांगायचात. आणि तुम्हीच लिहिता, की ती जागा एका कोचिंग क्लासला विकली म्हणून तीन महिन्यांपूर्वी बंद केलं. क्लासवाल्याला सव्वासातची जागा का हवी होती? कारण त्या मिनिटाला गाव ऐकत होतं. गाव कशासाठी ऐकत होतं तेच आपण काढून टाकलं. क्लासवाल्यानेही दोन महिन्यांत जाहिरात थांबवली, यात मला काही नवल वाटलं नाही.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं वाजवता येतं, हे तुम्हाला माहीत आहे. २०२३ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी अशी शिफारस केली आहे. पण तिची वाट बघत बसू नका. केंद्राच्या २०११ च्या एफएम धोरणातच वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा आणि निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, आपत्तीतल्या प्रशासनाच्या सूचना, या सगळ्यांना बातम्यांमधून वगळलं आहे. ते तुम्हाला आजही सांगता येतं. छोट्या गावात लोकांना 'बातमी' म्हणून जे हवं असतं त्यातलं निम्मं-अधिक याच यादीत बसतं. मुंबईत बसून पंचवीस शहरांसाठी एकच कार्यक्रम करणारा माणूस कितीही गुणी असला, तरी बजरंग चौकात पाइप फुटलाय हे त्याला सांगता येत नाही. संध्याकाळचा गावाचा कार्यक्रम बंद करून मुंबईचा घेतलात, तर जी एक गोष्ट त्या नेटवर्कला विकत घेता येत नव्हती ती तुम्ही आपण होऊन सोडून दिलीत.

अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात मायनट नावाचं गाव आहे. १९९६ च्या कायद्याने तिथे एका कंपनीला एकाच गावात बऱ्याच वाहिन्या घ्यायला मोकळीक मिळाली आणि मायनटच्या सहाही व्यावसायिक वाहिन्या एकाच कंपनीकडे गेल्या. १८ जानेवारी २००२ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, गावाबाहेर मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग वस्तीवर आला. त्या रात्री रेडिओवरून वेळेवर इशारा गेला नाही. चूक पोलिसांची की स्टेशनची, यावर पुढे बरीच वर्षं वाद झाले, आणि तो वाद मिटवायला मी बसलेले नाही. पण डायलवर सहा वाहिन्या असूनही त्या अंधारात गावाला एक ओळखीचा आवाज मिळाला नाही, हे डोक्यातून जात नाही. आपल्याकडे एका शहरात एका कंपनीला ४० टक्क्यांपेक्षा जास्त वाहिन्या घेता येत नाहीत आणि किमान तीन वेगळे मालक लागतात. नियम चांगला आहे. मात्र मालक वेगळे आणि आवाज सगळे मुंबईचे, असं झालं तर त्या नियमाचा गावाला काय उपयोग?

साताऱ्याच्या म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. अशा केंद्राला शंभर वॉटची मर्यादा, ऐकू जातं ते आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरांत. तिथला धंदा तुमच्यासारखा नाही, तुलना मी करत नाही. पण एकदा जाऊन या. दुष्काळी माणच्या बायका स्वतःच्या बोलीत बोलतात, ओव्या म्हणतात, ते ऐकलंत की 'स्थानिक' हा शब्द तुमच्या रेट कार्डवर कुठे लिहायचा ते तुम्हाला उमजेल.

चौघांच्या बैठकीचं मात्र स्पष्ट सांगते: किमान दर ठरवायला जाऊ नका. स्पर्धकांनी एकत्र बसून भाव ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात बसतं. दंड नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, तोही जेवढी वर्षं संगनमत चाललं तेवढ्या वर्षांचा, आणि ज्या अधिकाऱ्याने ते केलं त्याच्यावरही जबाबदारी येते. "चहाला बसलो होतो" हा बचाव होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरही दराबद्दल एक अक्षर लिहू नका.

पण भेटायला हरकत नाही, विषय दुसरा ठेवा. तुम्हा चौघांचे सिग्नल कंबाइनरमध्ये एकत्र होऊन एकाच मनोऱ्यावरून जातात. वीज गेली, अँटेनाला काही झालं तर चौघंही एकदम मुके होता. मनोरा जर सामाईक चालतो, तर श्रोत्यांची मोजणी का नाही? वर सांगितलेला सर्व्हे चौघांनी वर्गणी काढून करा, निकाल चौघांना मिळू द्या. व्यापारी महासंघापुढे एकदा एकत्र जाऊन रेडिओची जाहिरात कशी काम करते ते दाखवा. ज्याचा त्याने आपला दर आपल्या ऑफिसात ठरवावा.

तुमच्या आरजेबद्दल. रेडिओत रिवाज असा, की राजीनामा आला की दुसऱ्या दिवसापासून माईक बंद. श्रोत्यांना काही सांगायचं नाही, जणू ती कधी नव्हतीच. कृपा करून तसं करू नका. सात वर्षं ती रोज सकाळी लोकांच्या स्वयंपाकघरात होती. शेवटच्या आठवड्यात तिला नीट निरोप घेऊ द्या, श्रोत्यांचे फोन घ्या, आणि नव्या मुलाला-मुलीला तिच्या शेजारी बसवून तिच्याच तोंडून ओळख करून द्या. ती गेली म्हणजे गाव गेलं असं तुम्ही धरून चालला आहात. लोक आवाजामागे जातात, खरंय, पण तिकडे तिला गाणी मुंबईची आणि बोलायला मोजकी मिनिटं मिळणार असतील, तर तिथे तिचं काय उरेल? इथे उरलेल्या दोघांना सांभाळा. पगार वाढवणं जमत नसेल तर गणपती, दांडिया, शाळांचे कार्यक्रम यांतून येणाऱ्या पैशांत त्यांचा वाटा ठरवून लिहून द्या.

आणि तुमची नोकरी. तुमच्या घराचा हप्ता आहे, मुलगी बारावीला आहे. निष्ठेच्या गोष्टी सांगून मी तुम्हाला अडवणार नाही. तिकडे जाणं हा विश्वासघात नाही. फक्त जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या आणि कागदावर घ्या: गाणी आणि बोलणं कोण ठरवणार, दिवसातले किती तास गावातून जाणार, आणि टार्गेट पूर्ण नाही झालं तर पहिली कुणाची जागा जाणार. कोरोनाच्या वर्षांत नेटवर्कांनी छोट्या शहरांतली माणसं आधी कमी केली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तीन उत्तरांपैकी दोन मनासारखी आली तर विचार जरूर करा.

पण हे तिसऱ्या माणसाकरवी विचारू नका. तो मुलगा तुमच्याकडे शिकला. तुम्ही लिहिता, "पहिल्या वर्षी त्याला जाहिरातीचं बिल कसं लिहायचं तेही येत नव्हतं, मी शेजारी बसून शिकवलं." त्याचा दर त्याच्या मुंबईच्या साहेबांनी ठरवलाय, त्याने नव्हे, आणि कुणी सांगावं, त्यालाही रात्री झोप येत नसेल. नोकरीसाठी नाही, दरासाठी तर नाहीच, नुसतं "कसा आहेस" म्हणून फोन करा. गाव एवढंसं आहे. उद्या दोघांची मुलं एकाच कॉलेजात असतील.

मालकांकडे जाताना "तुमचं चुकतंय" असं म्हणत जाऊ नका, त्यांचे पैसे अडकलेत. तुळशीच्या लग्नापर्यंतची मुदत मागा. दर तोच, संध्याकाळचा कार्यक्रम तसाच, दुपारी दोन तास मराठी गाणी वाढवून, दहा दुकानांत वह्या आणि दर सोमवारी वसुलीचं एक पान त्यांच्या टेबलावर. हवं तर मुंबईचा तयार कार्यक्रम रात्री अकरानंतर घ्या. तिथे तुमचं काही जात नाही आणि त्यांच्या शब्दाचाही मान राहील. एवढं करून पान कोरंच राहिलं तर तेही त्यांना प्रामाणिकपणे दाखवा. गाव चार वाहिन्या पोसू शकत नाही असंही निघू शकतं, आणि मग नोकरीचा निर्णय तुम्ही घाबरून नव्हे, हिशेब बघून घ्याल.

जिल्ह्याच्या गावांतून केबलवाले, फोटो स्टुडिओवाले, छोट्या साप्ताहिकांचे संपादक यांचीही अशीच पत्रं मला येतात: बाहेरून मोठा आला, त्याने भाव निम्मा केला, आता काय? त्यांनाही मी हेच विचारते. तो कशावर जगतो आणि तुम्ही कशावर जगता? तुमचं गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलं की त्या धंद्यातूनच उठलं, हे तुम्ही जाऊन पाहिलंत का? आणि घाईघाईत तुम्ही तुमचं कोणतं 'पाण्याचं सांगणं' बंद केलंत?

उद्या सकाळी पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात फोन करा. वॉर्डांची यादी आणि वेळा मागून घ्या, रोज संध्याकाळी कुणाला विचारायचं त्याचं नाव लिहून घ्या. सव्वासातची जागा सध्या रिकामीच आहे. आणि तो रिक्षावाला कोणत्या स्टँडवर असतो ते शोधून त्याला आधी सांगा, की गुरुवारपासून पुन्हा सुरू करतोय.